लेझरची परीक्षा आषाढात घ्या

२३ डिसेंबर २०२३ रोजी 'केम प्लूटो' हे रसायनवाहू जहाज सौदी अरेबियातून मंगळूरकडे येत होतं. गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर एक ड्रोन त्याच्यावर येऊन आदळलं. आग लागली, खलाशांनी ती विझवली, कुणाचा जीव गेला नाही. खलाशी जवळजवळ सगळे भारतीय होते. दोन दिवसांनी जहाज मुंबईत आलं आणि नौदलाच्या स्फोटकतज्ज्ञांनी त्याचा फुटलेला पत्रा तपासला. त्याच सुमारास 'मोरमुगाव', 'कोची' आणि 'कोलकाता' या तीन विनाशिका अरबी समुद्रात गस्तीला निघाल्या. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या.

या प्रत्येक विनाशिकेवर 'बराक-८' जातीची ३२ विमानवेधी क्षेपणास्त्रं असतात. वेगवान लढाऊ विमानं आणि जहाजवेधी क्षेपणास्त्रं पाडण्यासाठी ती घडवली आहेत. आता समोरून दुचाकीच्या इंजिनासारखी घरघर करत येणारी स्वस्त ड्रोनं येऊ लागली आहेत. त्यांच्यावर ती डागायची का, हा पैशाचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न मोजणीचा आहे. ३२ संपली की पुढे काय? ही क्षेपणास्त्रं भर समुद्रात पुन्हा भरता येत नाहीत, जहाजाला बंदरात परतावं लागतं. तांबड्या समुद्रात २०२३ च्या शेवटापासून अमेरिकी आणि ब्रिटिश नौदलांनी हेच भोगलं. सुमारे वीस लाख डॉलरचं एकेक क्षेपणास्त्र खर्चून त्यांनी येमेनमधल्या हुथी बंडखोरांची काही हजार डॉलरची ड्रोनं पाडली. पाडली हे खरं, पण तो हिशोब कुणालाही फार दिवस परवडणारा नव्हता.

म्हणून नौदलाला लेझर हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की हा माणूस लेझरच्या विरोधात आहे. विरोध त्या शस्त्राला नाही. ते चाचणीत यशस्वी झालं की आपण जे ऐकतो आणि एकमेकांना जे सांगतो, त्याबद्दल मला काळजी वाटते.

१३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशात कर्नूलजवळच्या मोकळ्या चाचणी मैदानावर डीआरडीओने ३० किलोवॉटच्या लेझर शस्त्राची यशस्वी चाचणी घेतली. हैदराबादच्या 'चेस' या प्रयोगशाळेने बनवलेल्या या 'मार्क-२ ए' यंत्राने स्थिर पंखांचं ड्रोन पाडलं, ड्रोनचा थवा हाताळला, टेहळणीची उपकरणं निकामी केली. अशी क्षमता दाखवून देणारे देश जगात मोजके आहेत आणि आपण त्यांत जाऊन बसलो. अभिमान वाटावा असंच हे काम आहे. डीआरडीओचे अध्यक्ष समीर कामत यांनी त्याच दिवशी ही प्रवासाची फक्त सुरुवात असल्याचं सांगितलं होतं. पण संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर जे संदेश आले त्यांत 'सुरुवात' हा शब्द कुठेच नव्हता. आता शत्रूचं एकही क्षेपणास्त्र भारतापर्यंत पोचणार नाही, असं त्यांत म्हटलं होतं.

शस्त्र नेमकं काय करतं ते आधी समजून घेऊ. घरातली इस्त्री साधारण एक किलोवॉटची असते. अशा तीस इस्त्र्यांची उष्णता एका नाण्याएवढ्या ठिपक्यावर, दोन-तीन किलोमीटरवरच्या, हलणाऱ्या लक्ष्यावर काही सेकंद धरून ठेवायची. लेझर शस्त्र एवढंच करतं आणि यातलं सगळ्यात अवघड काम 'धरून ठेवायची' या शब्दांत आहे. ड्रोनचा पंख, मोटर, कॅमेरा किंवा बॅटरी जळली की ते पडतं. स्फोट नाही, गोळी नाही, चुकलेला तोफगोळा परत खाली येऊन कुणाच्या घरावर पडण्याची भीती नाही. ३० किलोवॉटचा झोत पाच सेकंद चालला तर प्रकाशाच्या रूपात १५० किलोज्यूल ऊर्जा जाते. विजेचं प्रकाशात रूपांतर होताना दोन-तृतीयांश वाया गेली असं धरलं तरी एकूण ४५० किलोज्यूल लागले. आपल्या मीटरवरचा एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. म्हणजे एका माऱ्याला एक-अष्टमांश युनिट, घरगुती दराने रुपयाच्या आसपास. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने आपल्या 'ड्रॅगनफायर' लेझरच्या एका माऱ्याचा खर्च दहा पौंडांपेक्षा कमी सांगितला आहे. दहा पौंड धरले तरी वीस लाख डॉलरच्या शेजारी तो आकडा काहीच नाही.

भोसरीत माझ्या ओळखीच्या एकाचं शीटमेटलचं वर्कशॉप आहे. तिथे सहा किलोवॉटचं फायबर लेझर कटिंग मशीन आहे. त्याचा झोत बारा मिलिमीटर जाडीचा पत्रा सुरी लोण्यातून जावी तसा कापतो. मी तासभर त्या मशीनजवळ उभा होतो. त्या तासात ऑपरेटरने मला लेझरबद्दल फार काही सांगितलं नाही. तो बोलत होता चिलरबद्दल, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या यंत्राबद्दल, आणि नोझलच्या वरच्या संरक्षक काचेबद्दल. त्या काचेवर धुळीचा एक कण बसला की तो कण झोताची उष्णता पितो, तिथे काच तडकते आणि काम थांबतं. काच बदलायची तर पंखा बंद करून, हात धुऊन, हातमोजे घालून. चिलरचं पाणी दोन अंशांनी तापलं तरी मशीन गजर देऊन बंद पडतं. तिथे काच आणि पत्रा यांच्यात काही सेंटिमीटरचं अंतर असतं, वर छप्पर असतं आणि पत्रा जागचा हलत नाही.

हे सगळं आता जहाजावर नेऊन पाहा. जहाज डुलतं, इंजिनांची थरथर सतत असते, काचेवर खाऱ्या पाण्याचे तुषार येतात, आणि काचेपासून लक्ष्यापर्यंत दोन-चार किलोमीटर समुद्रावरची हवा असते.

लेझर शस्त्रांचा सगळा इतिहास या हवेने अडवलेला आहे. बारामतीत १९३८ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेझर शोधला. सलग झोतातून मोठी शक्ती मिळू शकते हे त्या शोधाने दाखवलं आणि पुढे कारखान्यांपासून शस्त्रक्रियेपर्यंत तो पोचला. (पटेल बारामतीचे, हे आपल्याकडच्या किती शाळांत सांगतात कोण जाणे. सांगायला हवं.) म्हणजे ताकदवान झोत बनवण्याची वाट साठ वर्षांपूर्वीच उघडली होती. तरी शस्त्र यायला एवढी वर्षं का लागली? कारण झोत तयार होत होता, तो हवेतून लक्ष्यापर्यंत शाबूत पोचत नव्हता, आणि त्याला लागणारं यंत्र कुठे मावत नव्हतं.

अमेरिकेने यावर पाण्यासारखा पैसा ओतला. १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी क्षेपणास्त्रांपासून संरक्षणाची मोठी योजना जाहीर केली, तिच्यात लेझरवर मोठी भिस्त होती. त्यातून लढाईत वापरता येईल असा लेझर निघाला नाही. नंतर एका बोइंग ७४७ विमानात रासायनिक लेझर बसवला. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने उडत्या विमानातून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाडूनही दाखवलं. तरी दोन वर्षांच्या आत तो प्रकल्प बंद झाला. तोपर्यंत सुमारे पाच अब्ज डॉलर खर्च झाले होते. तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी सांगितलं होतं की उपयोगी पडायला या लेझरची शक्ती वीस-तीस पट हवी, नाहीतर हे अवाढव्य विमान शत्रूच्याच हद्दीत घिरट्या घालत ठेवावं लागेल. अमेरिका आणि इस्रायल यांनी मिळून बनवलेल्या आणखी एका लेझरने २००० च्या सुमारास न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात कात्युशा रॉकेटं पाडली होती. यंत्र अवजड होतं, विषारी रसायनांवर चालायचं, तेही सोडून दिलं गेलं. या दोन्ही लेझरांनी चाचणीत लक्ष्य पाडलं होतं आणि दोन्ही शेवटी भंगारात गेले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे अपेक्षा फुगवण्याची वेगळी परंपरा आहे. दर दोन-तीन वर्षांनी 'काली'ची गोष्ट फिरत येते. ट्रॉम्ब्याला म्हणे असं यंत्र आहे जे क्षेपणास्त्र हवेत जाळतं आणि हिमकडेही कोसळवतं. 'काली' हे भाभा अणुसंशोधन केंद्रातलं इलेक्ट्रॉनांचं वेगवर्धक आहे. ते लेझर नाही. चांगलं, कष्टाने उभं केलेलं संशोधन आहे. त्याच्याभोवती अशा कहाण्या रचून आपण त्या शास्त्रज्ञांच्या खऱ्या कामाचा अपमान करतो, असं मला मनापासून वाटतं.

आजचे लेझर रसायनांवर चालत नाहीत, हा मात्र मोठा आणि खरा बदल आहे. भोसरीच्या मशीनमधला जो फायबर लेझर, त्याचीच मोठी भावंडं एकत्र जोडून शस्त्र बनतं. वीज द्या, झोत घ्या. म्हणूनच आता ब्रिटन, इस्रायल, अमेरिका, चीन, युक्रेन आणि आपण सगळेच या वाटेवर आहोत. चीनने ३ सप्टेंबर २०२५ च्या बीजिंगमधल्या संचलनात जहाजासाठीचा 'एलवाय-१' लेझर दाखवला. इस्रायलने १०० किलोवॉटचा 'आयर्न बीम' २०२५ च्या शेवटी आपल्या सैन्याच्या हाती दिला. ब्रिटन २०२७ मध्ये 'टाइप ४५' विनाशिकेवर 'ड्रॅगनफायर' चढवणार आहे.

यंत्रातला हा प्रश्न सुटत आला आहे. हवेचा सुटलेला नाही.

मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्यावर पाहिलं तर समोरची गाडी थरथरताना दिसते. गाडी थरथरत नसते, मधली तापलेली हवा प्रकाशाला वाकवत असते. लेझरचा झोतही तसाच वाकतो, पसरतो, आणि नाण्याएवढा ठिपका ताटाएवढा होतो. ताटाएवढ्या ठिपक्याने ड्रोन जळत नाही, फार तर कोमट होतं. लवचीक आरशांनी ही थरथर भरून काढण्याचं तंत्र आहे, दुर्बिणींमध्ये ते वापरलं जातं. पण झोताची शक्ती वाढवत नेली की दुसरी अडचण येते. झोत स्वतःच्याच वाटेवरची हवा तापवतो, तापलेली हवा विरळ होते आणि पसरवणाऱ्या भिंगासारखी वागू लागते. म्हणजे शक्ती वाढवली म्हणून पल्ला त्याच प्रमाणात वाढत नाही. वारा आडवा असेल तर तापलेली हवा वाहून जाते, थोडं बरं होतं. लक्ष्य थेट समोरून येत असेल तर झोत त्याच त्या हवेतून जात राहतो. आणि जहाजावर चालून येणारं लक्ष्य थेट समोरूनच येतं.

आता यात पाऊस घाला. जुलैमध्ये रत्नागिरीच्या समुद्रावरची हवा कशी असते हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. समुद्रावरच्या हवेत मिठाचे असंख्य सूक्ष्म कण तरंगत असतात आणि दमटपणा वाढला की तेही असेच पाणी ओढून फुगतात. फुगलेला प्रत्येक कण प्रकाश विखुरतो. त्यात धुकं, सरी, लाटांचे तुषार. ढगाच्या आड गेलेल्या लक्ष्याला तर लेझर काहीच करू शकत नाही. खुद्द इस्रायलने 'आयर्न बीम' हा 'आयर्न डोम' क्षेपणास्त्रांच्या जोडीला आहे, जागी नाही, हे सांगून ठेवलं आहे. त्यांचा हिवाळा ढगाळ असतो, हेही त्याचं एक कारण. आपला मोसमी पाऊस जून ते सप्टेंबर, चार महिने. वर्षाचा तिसरा हिस्सा.

एप्रिलमधलं कर्नूल कोरडं असतं. विकासाच्या पहिल्या टप्प्यात कोरड्या, मोकळ्या जागी चाचणी घेणं अगदी योग्य होतं. २३ ऑगस्ट २०२५ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर एकात्मिक हवाई संरक्षण प्रणालीची चाचणी झाली. तिच्यात दोन प्रकारची क्षेपणास्त्रं आणि लेझर असे तिघे एकत्र होते आणि त्यांनी तीन लक्ष्यं पाडली. ऑगस्टमधला ओडिशाचा किनारा कोरडा नसतो, म्हणून ही बातमी मला कर्नूलपेक्षाही मोलाची वाटली. पण लेझर जमिनीवर होता, डुलत्या डेकवर नव्हता, आणि एका दिवसाच्या यशावरून पावसाळ्याचे शंभर दिवस कळत नाहीत.

वेळेचा हिशोबही स्वतःशी मांडून पाहावा. समजा ड्रोन ताशी १८० किलोमीटरने येतंय, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. लेझरचा कामाचा पल्ला चांगल्या हवेत दोन किलोमीटर धरू. त्या टप्प्यात आल्यापासून ड्रोन अंगावर यायला ४० सेकंद लागतील. एका ड्रोनला जाळायला पाच आणि दुसऱ्यावर नेम आणायला दोन सेकंद धरले तर एक लेझर पाच-सहा ड्रोनं थांबवेल. उत्तम. आता दमट हवेने पल्ला एका किलोमीटरवर आणला. वेळ २० सेकंद, ड्रोनं दोन, फार तर तीन. थवा वीसचा असेल तर? आणि ध्वनीच्या वेगाच्या जवळ येणारं जहाजवेधी क्षेपणास्त्र सेकंदाला ३०० मीटर कापतं. त्याला दोन किलोमीटर यायला सात सेकंदही लागत नाहीत, वर त्याचं नाक उष्णता सोसणारं. आपल्या 'ब्रह्मोस'च्या वेगाचं काही आलं तर हाती दोन सेकंद. ३० किलोवॉटचा लेझर तिथे काही करू शकणार नाही. तिथे 'बराक'च लागणार, आणि शेवटच्या क्षणी ३० मिलिमीटरची 'एके-६३०' तोफ.

म्हणूनच लेझर आला की तोफा कमी करता येतील, ही जी भाषा अधूनमधून कानावर येते तिची मला भीती वाटते. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात एका रात्रीत लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोनं आली. त्यांतली कित्येक पाडली ती 'एल-७०', 'झू-२३', 'शिल्का' अशा दशकांपूर्वीच्या तोफांनी, नवे रडार आणि नेमयंत्रणा जोडून. जुन्या तोफेला ढग अडवत नाहीत. लेझर तिच्या शेजारी उभा राहावा: उघडीप असेल तेव्हा त्याने स्वस्तातली शिकार उरकावी आणि क्षेपणास्त्रं खऱ्या संकटासाठी राखली जावीत. स्वच्छ हवेत पाच-सहा ड्रोनं रुपयाच्या विजेत पाडणारं यंत्र हे काही लहान काम नाही. तेवढंच त्याचं काम आहे असं आपण मान्य केलं तर लेझर खूप चांगलं शस्त्र आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी २०३५ पर्यंतच्या संरक्षणछत्राचं जे अभियान जाहीर केलं, त्याचं नाव 'सुदर्शन चक्र' आहे. न चुकणाऱ्या, परत येणाऱ्या अस्त्राचं नाव. त्या छत्रातल्या प्रत्येक घटकाकडून, लेझरकडूनही, लोक तशाच अचूकपणाची अपेक्षा धरणार, म्हणून तर त्याच्या मर्यादा आधीच मोकळेपणाने बोलायला हव्यात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. आपल्या शस्त्राची कमजोरी आपणच चव्हाट्यावर का आणायची? शत्रू ढगाळ दिवस निवडून येईल. माझं उत्तर असं की ढगातून लेझर जात नाही हे शत्रूला आपल्याकडून कळायची गरज नाही, ते पदार्थविज्ञान आहे. गुप्त ठेवायचे ते नेमके पल्ले, शक्ती, नेमयंत्रणेचे बारकावे. ते जरूर ठेवावेत. पण शस्त्र किती दिवस चाललं आणि किती दिवस बंद होतं, एवढं संसदेच्या समितीला आणि कॅगला कळलंच पाहिजे. अमेरिकेने 'प्रेबल' या विनाशिकेवर ६० किलोवॉटचा लेझर चढवला, त्याच्या चाचणीचा उल्लेख त्यांच्या चाचणी-मूल्यमापन कार्यालयाच्या जाहीर वार्षिक अहवालात येतो. ५० किलोवॉटचा लेझर चिलखती गाडीवर बसवून त्यांनी पश्चिम आशियात नेला, तेव्हा उष्णता बाहेर टाकणं आणि सततच्या हालचालीने होणारी झीज जड जातेय, हे तिथल्या सैन्याच्या खरेदीप्रमुखांनी २०२४ मध्ये सिनेटसमोर सांगितलं. अमेरिकी नौदलाने २०१४ मध्येच 'पॉन्स' या जहाजावर पर्शियन आखातात लेझर नेला होता आणि एका माऱ्याचा खर्च डॉलरपेक्षा कमी सांगितला होता. त्यानंतर दहा वर्षांतही त्यांचा लेझर ताफाभर पसरला नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्याने अमेरिका दुबळी झाली नाही.

आपलंच उदाहरण देतो. २०१७ मध्ये कॅगने 'आकाश' क्षेपणास्त्रांवर कडक अहवाल दिला होता. चाचणीसाठी डागलेल्या २० पैकी ६ क्षेपणास्त्रं फसली होती, म्हणजे तीस टक्के. तेव्हा या आकड्याने देशाचं नुकसान झाल्याचं काहींचं म्हणणं होतं. आठ वर्षांनी, मे २०२५ मध्ये, त्याच 'आकाश'चं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. अहवालामुळेच ते सुधारलं असा माझा दावा नाही. पण उघड बोलल्याने ते बिघडलंही नाही, एवढं नक्की.

पैसा कुठे घालायचा याबद्दलही बोललं पाहिजे, कारण बातमी किलोवॉटच्या आकड्याची होते आणि अडचण दुसरीकडेच असते. ३० च्या जागी १००, १०० च्या जागी ३०० अशी चढाओढ आकर्षक असते. पण १०० किलोवॉटचा झोत हवा तर निदान दुप्पट-तिप्पट वीज लागते आणि उरलेली सगळी उष्णता जहाजाच्या पोटात राहते. आपल्या आजच्या विनाशिकांचे पंखे गॅस टर्बाइन थेट फिरवतात. ती प्रचंड शक्ती विजेच्या रूपात हाताशी नसते. ब्रिटनच्या 'टाइप ४५' नौकांचं तसं नाही, तिथे टर्बाइन वीज बनवतं आणि विजेवर जहाज चालतं, त्यामुळे लेझरला वीज द्यायची सोय निघते. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात जहाजांच्या विद्युत प्रणोदनावर सहकार्याचा इरादा-करार झाला. त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची होती. लेझरच्या भविष्याच्या दृष्टीने ती पहिल्या पानाची होती. तसंच फायबर लेझरला प्रकाश पुरवणाऱ्या डायोडांचं. ते गॅलियमच्या संयुगांपासून बनतात, आणि गॅलियमवर चीनची पकड किती आहे ते २०२३ मध्ये त्याने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा दिसलं. शस्त्र हैदराबादचं आणि त्याचा दाणागोटा परक्याच्या हाती, असं चालणार नाही. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात फायबर लेझरवर वर्षानुवर्षं काम होत आलं आहे. पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात लेझर मशीन चालवणारी, दुरुस्त करणारी, काचा आणि चिलर रोज हाताळणारी हजारो माणसं आहेत. डायोड, काचा, शीतन यांसाठी लहान कारखानदारांना दहा-दहा वर्षांची खात्रीची मागणी द्या. भोसरीतल्या त्या ऑपरेटरला जे कळतं ते जहाजावर लागणार आहे.

आणि डोळ्यांचं. आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५ च्या व्हिएन्ना प्रोटोकॉलने, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराने, बंदी आहे आणि भारत तो मानतो. ड्रोन जाळणारा लेझर त्या बंदीत येत नाही. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण चीन समुद्रात चिनी तटरक्षक नौकेने फिलिपिन्सच्या तटरक्षक जहाजावर लेझर रोखला आणि तिथल्या खलाशांना काही क्षण दिसेनासं झालं. आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न आणखी वेगळा आहे. फायबर लेझरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, पण तो डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. ड्रोनच्या चकचकीत पत्र्यावरून किंवा पाण्यावरून उसळलेला त्याचा अंश दूरवरच्या माणसालाही इजा करू शकतो. हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथल्या शेकडो होड्या ज्या पाण्यात असतात त्याच पाण्यात नौदल गस्त घालतं. झोत कुठल्या कोनात सोडायचा, कधी सोडायचाच नाही, आसपासच्या होड्यांना आणि वरून जाणाऱ्या विमानांना काय कळवायचं, हे नियम शस्त्र जहाजावर चढण्याआधी लिहिले जावेत आणि मच्छीमार संस्थांना समजतील अशा मराठीत, कोकणीत पोचावेत. अपघातानंतर चौकशी समिती नेमण्याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

या सगळ्याला एक सोपी सुरुवात आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. समुद्रात होड्या जवळजवळ नसतात, आणि हवा वर्षातली सगळ्यात वाईट असते. नौदलाने एखाद्या जुन्या नौकेवर हा ३० किलोवॉटचा लेझर चढवावा, ती मुंबईतून काढावी आणि ते दोन महिने रत्नागिरीच्या बाहेर उभी करावी. रोज सकाळी, दुपारी आणि रात्री वेगवेगळ्या अंतरांवर ड्रोन उडवावं आणि त्याच्यावर झोत धरावा. किती वेळा पडलं, किती वेळा नुसतं तापलं, किती दिवस काच पुसण्यात गेले, चिलर कितीदा बंद पडला, आणि कुठल्या दिवशी समोरचं काही दिसलंच नाही म्हणून यंत्र सुरूच केलं नाही, या सगळ्याची वही ठेवावी. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात उतरतील तेव्हा ती वही संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे असावी, पल्ल्यांचे आकडे झाकून, पण बंद राहिलेले दिवस न झाकता.